मराठीतलं खलास

आमच्या लॅबच्या प्रमुख रत्नागिरीकडच्या. सगळे त्यांना आपा म्हणतात, डॉक्टरसुद्धा. तोंडाने फटकळ, आणि रिपोर्टच्या बाबतीत इतक्या संशयी, की मी त्यांना सासूबाई म्हणायचे. पाठीमागे, अर्थात.

माझ्या नवऱ्याच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला. इथे आखातात, अल नहदा भागातल्या आमच्या घरातून त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं, तेव्हा आपांनी आधी मला त्याच्या नमुन्यापासून दूर केलं. "तू हात नाय लावायचा. डोळे पाण्यानं भरलेत, तुला काय दिसणार?" राग आला. पण खरं होतं.

रक्तात स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू निघाला. पेनिसिलिन लागू पडतंय असा रिपोर्ट आला, तरी ताप हटेना. जोडीला दुसरं इंजेक्शन द्यावं तर ते मूत्रपिंडाला जड, आणि त्याची मूत्रपिंडं आधीच नाजूक. डॉक्टर मुंबईचे, भला माणूस. त्यांना ते टाळायचं होतं. मलाही.

आपांनी मग कुणी न सांगता पुढची चाचणी लावली. नळीत जंतू वाढले की द्रव गढूळ होतो. पेनिसिलिन घातलेल्या आमच्या नळ्या अगदी नितळ होत्या. दुसरं कुणीही हात धुऊन घरी गेलं असतं. आपांनी त्याच नितळ नळ्यांतले थेंब औषध नसलेल्या ताटलीवर पसरून उबेत ठेवले; जंतू जिवंत असतील तर तिथे ठिपके उगवतात. वाढ थांबणं वेगळं आणि मरणं वेगळं, हे त्या कधी विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लॅबला फोन केला. उचलला आमच्या इजिप्तच्या सहकाऱ्याने. "जंतू खलास?" डॉक्टरांनी विचारलं. त्याला त्यातला एकच शब्द कळला. त्याच्या अरबीत खलास म्हणजे झालं, काम संपलं. चाचणी तर संपलीच होती. "खलास, डॉक्टर, खलास!"

डॉक्टरांनी वॉर्डात येऊन मला सांगितलं, "जंतू मेले. दुसरं इंजेक्शन कॅन्सल." मला रडूच फुटलं. आपांचे आभार मानायला मी खाली पळाले.

आपा ताटली उजेडात धरून उभ्या होत्या. तिच्यावर बारीक ठिपक्यांची नुसती गर्दी.

"सोंग घेऊन पडलेत मेले," त्या म्हणाल्या. "मेले मेलेले नाहीत!"

मी फोनचं सांगितलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना गाठलं. "पेनिसिलिन त्यांना नुसतं थोपवतंय, मारत नाही. औषध हटलं की उठतील."

"आपा, पण किडनी?"

"किडनी रोज तपासून देते. झडप गेली तर काय तपासू?"

इंजेक्शन सुरू झालं. सहकाऱ्याला त्या रागावल्या नाहीत. "हबीबी, नेक्स्ट टाइम पूरा सेंटेन्स," एवढंच म्हणाल्या. मग दोन्ही औषधं एकत्र घालून त्यांनी नवी नळी लावली. मी वॉर्डात बसून त्या नळीचाच विचार करत होते. माझ्या माणसासाठी ही बाई माझ्यापेक्षा जास्त जागरूक होती, याचं मला फार अप्रूप वाटलं.

रिपोर्ट फोनवर सांगता आला असता. आपा जिना चढून स्वतः आल्या, धापा टाकत.

"ताटली कोरी आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने ग्लानीतच विचारलं, "म्हणजे खलास?"

"नळीत तरी खलास. अंगातही होतील, इन्शाल्ला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगो, रडू नको. मराठीतलं खलास."