अबू मुतलकच्या ताटातला बीव्हर

विजयाताई दातारांनी जन्मात मांसाचा तुकडा तोंडात घातला नव्हता, पण उकडलेल्या तंगडीत हाड किती आणि खाण्याजोगं मांस किती, हे त्या नुसत्या नजरेनं सांगायच्या. मूळच्या नाशिकच्या, आखातातल्या आमच्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ. मी तिथेच एक्स-रे काढायचो. साल्मियातल्या घराहून जहऱ्याच्या हॉस्पिटलापर्यंत रोज माझ्या जुन्या गाडीतून आम्ही दोघं जायचो आणि वाटेत कॅलरी हा एकच विषय असे. एकदा वैतागून मी रेडिओ लावला, तर गाणाऱ्या बाईच्या आवाजावरून तिच्या अंगात लोह कमी असल्याचं त्यांनी मला सांगितलं.

त्यांचा नियम एकच. रोग्याचं ताट जाताना वजन करायचं, परत आल्यावर वजन करायचं आणि मधला फरक वहीत उतरवायचा. या ताटांच्या पायी त्यांचा स्वतःचा डबा उघडायचाच राहायचा. यजमान तेल कंपनीत, पंधरा-पंधरा दिवस रिगवर. मुलगी पुण्याला शिकायला. डबा भरलेला परत गेला तर विचारणारं घरी कोणी नव्हतं. तो तसा जातही नसे म्हणा, कारण सहाव्या रिंगरोडच्या सिग्नलला मी तो संपवायचो. थालीपीठ फार चांगलं असे. तेव्हा मला याची काही लाज वाटली नाही.

१९९८ च्या एप्रिलमध्ये अबू मुतलक आमच्याकडे दाखल झाला. सत्तरीचा बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन ठीक झालं, पण जखम भरेना. रक्तात प्रथिनं कमी, आणि हॉस्पिटलची कोंबडी हा गृहस्थ बोटानं बाजूला सारायचा. जिनं कधी आभाळ पाहिलं नाही ती कोंबडी मी का खावी, असं त्याचं म्हणणं. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं की आठ दिवसांत खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालायची. ते ऐकून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. येत्या हिवाळ्यात त्याला वाळवंटात तंबू ठोकायचा होता, आणि तंबूपर्यंत आपल्या पायांनी चालत जायचं होतं. मुलगी सईदा दारात उभी राहून डोळे पुसायची.

दुसऱ्या दिवशी त्याचं ताट परत आलं ते तीस ग्रॅम जास्त भरलं. विजयाताईंनी काटा तपासला, पुन्हा ठेवून पाहिलं. मग भाताखाली हात घातला तर बारीक हाडं निघाली, आणि ती कोंबडीची नव्हती. त्या तडक वॉर्डात गेल्या.

सईदानं अंगावरच्या काळ्या, पायघोळ अबायाखालून डबा काढून दाखवला. आत धब होता. धब म्हणजे इथल्या वाळवंटातला, आपल्या घोरपडीचा भाऊ शोभेल असा काटेरी शेपटीचा प्राणी. वसंतात बदू लोक त्याची शिकार करतात आणि मोठ्या आवडीनं खातात. बाहेरचं खाणं आणायला हॉस्पिटलात सक्त बंदी होती. सईदा घाबरली, पण विजयाताईंना डॉक्टरीणच समजणाऱ्या म्हाताऱ्यानं बाजू शांतपणे मांडली.

"दुक्तूरा, हा जन्मभर पाला खातो. तुझ्यासारखाच आहे."

विजयाताईंनी डब्यात पाहिलं, मग अबू मुतलककडे पाहिलं. दाखल झाल्यापासून प्रथमच त्याच्या मिशीला तेल लागलं होतं. त्या सईदाला म्हणाल्या की उद्यापासून अबायाखालून आणायचं नाही, आधी माझ्या काट्यावर आणायचं, आणि मीठ कमी.

त्या संध्याकाळी गाडीत मला निराळाच ताप. हॉस्पिटलात आहाराच्या नोंदींचा नवा अमेरिकन प्रोग्रॅम आला होता. त्याच्या यादीत असेल तेवढंच अन्न त्याला कळायचं. यादीत उंट नव्हता, धब नव्हता, घोरपड असण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र अमेरिकेतल्या रानातलं झाडून सगळं होतं.

"सापडला," विजयाताई छापील यादीवर बोट ठेवून म्हणाल्या. "बीव्हर, भाजलेला. शंभर ग्रॅमला पस्तीस ग्रॅम प्रथिनं. हाही पालाच खातो, आणि शेपटी जाड."

मी म्हटलं, "ताई, तो थंड देशातला केसाळ प्राणी. नदीत धरणं बांधतो."

"पोटात जाऊन बांधतो का? रानात हिंडणाऱ्या जनावराच्या अंगावर चरबी कमी, लोह भरपूर. सध्या एवढं पुरे. खरं वजन वहीत आहेच."

अशा रीतीनं अबू मुतलक रोज दीडशे ग्रॅम बीव्हर खाऊ लागला. नळी टळली, तीन आठवड्यांत जखम भरत आली. म्हातारा वॉकर धरून संडासापर्यंत जायचा आणि येताना विजयी सेनापतीसारखा सगळ्या खाटांकडे बघायचा.

मग मुख्य कचेरीचं पत्र आलं. बीव्हरचं मांस कोणत्या पुरवठादाराकडून घेतलं आणि ते हलाल असल्याचा दाखला कुठे आहे, असं त्यात विचारलं होतं. विजयाताईंचा करार त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. मी त्यांना बिनतोड सल्ला दिला. यादीत बीव्हरच्या शेजारीच बीफ आहे, बोट चुकलं म्हणा आणि मोकळ्या व्हा.

"आणि त्यानं खाल्लेलं मी खोटं ठरवू?" त्या म्हणाल्या. त्या दिवशी घरापर्यंत त्या वहीतले आकडे पुन्हा तपासत बसल्या. मी डब्याला हात लावला नाही.

चौकशीला आलेला साहेब गंभीर चेहऱ्याचा होता. विजयाताईंनी सगळं कबूल केलं आणि वही पुढे ठेवली. प्रत्येक धबाचं वजन, हाडं वजा, रोजची तारीख. साहेब पानं उलटत राहिला. मी फिल्म देण्याच्या निमित्तानं दारात उभा होतो.

"शेपटी धरून वजन केलंत?" त्यानं अखेर विचारलं.

"शेपटी वेगळी. तिच्यात चरबी जास्त."

"बरोबर आहे," साहेब म्हणाला. "माझी आई तिच्यासाठी भांडायची." त्यानं बंदी मोडल्याची लेखी समज दिली, करारावर सही केली आणि यादीत उंट व धब घालण्याचा हुकूम सोडला.

पुढच्या मार्चमध्ये सईदाचं आमंत्रण आलं. जहऱ्यापलीकडच्या वाळवंटात आम्ही गाडी थांबवली, तर अबू मुतलक काठी टेकत तंबूतून स्वतः समोर आला. ताईंसाठी डाळभात, दही आणि भाजी निराळ्या चुलीवर केली होती. सईदानं ताट वाढलं, पण हातात दिलं नाही. आधी ते एका काट्यावर ठेवलं आणि आकडा कागदावर लिहिला. आम्ही खूप हसलो.

गप्पांत ताईंनी नेहमीप्रमाणे चार घास खाल्ले, बाकीच्यांच्या ताटांवर नजर ठेवली आणि आपलं ताट सरकवलं. म्हाताऱ्यानं ते पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं. कागद बराच वेळ न्याहाळला.

"दुक्तूरा, नव्वद ग्रॅम," तो म्हणाला. "एवढ्यावर माझी जखम भरली नसती. नळी घालू का?"

ताई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. मग ताट पुढे ओढून त्यांनी सगळा भात संपवला. मी मात्र माझं ताट तसंच बाजूला सरकवलं. सिग्नलला मी रोज संपवायचो त्या ताईंच्या डब्याचं वजन या जगात फक्त मला ठाऊक होतं.