कळकाच्या बंदुकीचा गेम

फुरकानच्या दुकानावर पाटी आहे मिक्सर-टीव्ही दुरुस्तीची. पण महाडच्या एसटी डेपोमागे चाळिशी उलटलेल्या कुणालाही पत्ता विचारा, तो म्हणेल, "गेमवाला ना?" पस्तीसेक वर्षांपूर्वी याच गाळ्यात त्याच्या अब्बांनी व्हिडिओ गेमच्या दोन पेट्या मांडल्या होत्या. शाळा बुडवून निम्मी पोरं तिथे विमानं पाडत उभी असायची आणि मग घरी जाऊन मार खायची.

त्यांच्यातलाच एक हैबती. कापडे गावाच्या वरच्या वाडीवरून बापाबरोबर दुधाच्या किटल्या घेऊन यायचा. नाणं त्याच्याकडे कुठलं असणार? पण हातात कसब असं, की बघत राहावं. पांगाऱ्याच्या लाकडाचा बैल, डब्याच्या पत्र्याची नि बुचांच्या चाकांची गाडी, भोवरे, आणि कळकाची, म्हणजे बांबूच्या नळीची, हिरवी फळं उडवणारी बंदूक. एक खेळणं द्यायचं नि एक गेम खेळायचा, असा त्याचा नि त्याच्या मित्राचा, फुरकानचा, गुपचूप सौदा. अब्बांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. फुरकानने सगळी खेळणी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात जपली. "कुठं जायाची नायत. माझी जबाबदारी," असं त्याने छातीला हात लावून सांगितलं होतं.

एकवीस सालच्या पुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं. पेट्या गेल्या त्याचं एवढं नाही, त्या केव्हाच बंद पडलेल्या. पण डबा गेला, आणि हा बाप्या दुकानातल्या चिखलात बसून रडला. अगदी लहान पोरासारखा रडला.

हैबतीला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. तो आता वाडीवर गुरं-शेळ्या राखतो. लाकूड फोडताना उजव्या हाताची दोन बोटं गेली, तशी खेळणी करणंही थांबलं. बाजाराला आला की त्याचं एकच पालुपद, "फुरक्या, तो डबा काढून ठेव रे. नातीला दाखवायचाय." "माळ्यावर हाय, काढतो," असं हा ठोकून द्यायचा. चार वर्षं हेच चाललं होतं.

शेवटी त्याने ठरवलं की नुसत्या तोंडाने सांगायचं नाही. गेम करायचा, जुन्यासारखाच, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचा. वरून हैबतीची खेळणी रांगेने उतरणार आणि खाली कळकाची बंदूक हिरवी फळं झाडणार. मुलगी अम्बरीन कॉम्प्युटर शिकलेली. प्रोग्राम तिचा, चित्रं फुरकानची. भंगारातला जुना टीव्ही नि प्लायवूड जोडून पेटी उभी राहिली.

"अब्बा, बैलाची शिंगं चौथ्यांदा बदलली. कोण बघणार आहे एवढं?" अम्बरीन वैतागायची.

"बघणारा हाय," एवढंच तो म्हणायचा. डोळे मिटून एकेक खेळणं आठवत बसायचा. बैलाचं डावं शिंग तुटकं होतं, हे आठवलं तेव्हा भरल्या ताटावरून उठला.

पुढच्या बाजाराला हैबती आला. "डबा?"

"पुरात गेला. चार वर्षं तुझ्याशी खोटं बोललो. हे केलंय, बघ."

हैबती पेटीपुढे उभा राहिला, दांडा धरला, उरलेल्या बोटांनी बटण दाबू लागला. बैल उतरला. "डावं शिंग," तो पुटपुटला. फुरकान जीव मुठीत धरून बाजूला उभा. होती नव्हती ती फळं सुटली, शेवटचंही उडालं, आणि हैबतीने दांडा सोडला.

"चुकलास."

"काय चुकलं?"

"शेवटचं फळ सुटत नाय रे. एक नळीच्या तोंडाशी अडकवायचं, मागनं दुसरं काडीनं ठोसायचं, तवा पुढचं उडतं. मागचं मग तोंडाशी ऱ्हातं, पुढच्याची वाट बघत."

ती बंदूक फुरकानने शेकडो वेळा झाडली होती, पण भरली एकदाही नव्हती. नेम धरायचा हा बाजारातला पोरगा, आणि मागे उभा राहून भरायचा हैबती. एवढी वर्षं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हे ऐकून अम्बरीन हसली आणि कामाला लागली. आठवडाभरात पेटीच्या मागच्या अंगाला दुसरं बटण बसलं. मागून कुणी ते दाबून फळ भरलं, तरच पुढची बंदूक सुटणार. एकट्याने खेळायची सोयच उरली नाही.

पुढच्या बाजाराला हैबती नातीला, मीनाला, घेऊन आला. ती स्टुलावर चढून दांडा धरून उभी राहिली. फुरकान मागच्या बटणाकडे वळला, तर हैबतीने त्याला कोपराने सारलं.

"बाजूला सर. भरायचं काम माझं."

बैल उतरला. मीनाने मान वळवून विचारलं, "आजा, हा बैल कुनाचा?"

"माझा," हैबती बटण दाबता दाबता म्हणाला. "यानं सांभाळून ठेवलाय."