साडेपाचच्या फेऱ्या

रविवार, १२ जून २०११. सकाळी साडेनऊ, उरणकडचं आमचं घर. हजर: आई, धाकटा भाऊ काशिनाथ, माझी बायको सुनंदा आणि मी. सामान: पेटी, गादी, स्टोव्ह, औषधांची पिशवी.

पनवेलच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन आठवडे काढून मी दोनच दिवसांपूर्वी परतलो होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षभर केंद्राजवळ राहा, रोज संध्याकाळी या. गोळ्या, गटाची बैठक आणि व्यायाम. त्यातला शेवटचा शब्द काशिनाथने उचलला.

"जालं वढून घाम निगत नाय काय, दादूस? शेरात जाऊन उड्या मारनार तू?"

आई हसली. सामानाचा टेम्पो पनवेलकडे निघाला तरी हसू तिच्या तोंडावर होतं. गाववाल्यांनो, ते मी विसरलेलो नाही, म्हणूनच लिहितो आहे. तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांनीही वाचावं.

पनवेल मला आवडलं नाही. खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडे. खालच्या मजल्यावरचे साहेब विचारायचे, "वेट लॉस चालू आहे का?" मी हो म्हणायचो. सकाळच्या पाळीत बंदरावरच्या जुन्याच यार्डात कंटेनरचे नंबर टिपायचे आणि साडेपाचला वडाळे तलावावर हजर व्हायचं. तिथे केंद्राच्या पाटकर बाई शिट्टी घेऊन उभ्या. अंगाने माझ्या निम्म्या. वॉर्म-अप, बैठका, मग तलावाला फेऱ्या. पहिल्या आठवड्यात एका फेरीत मला धाप लागली. बाईंचा मनापासून राग यायचा. एकदा तिरसटपणे विचारलं, पळून दारू सुटते का?

त्या म्हणाल्या, "नाही सुटत. गोळ्या त्यांचं काम करतील, गट त्याचं. व्यायामाने फक्त ही संध्याकाळची वेळ सांभाळायची. तुम्ही कितीला प्यायला बसायचात?"

साडेपाचला. यार्ड सुटलं की.

त्या दिवशी काशिनाथला द्यायचं उत्तर सापडलं. सुट्टीला काशिनाथबरोबर जाळं ओढताना घाम यायचाच, पण त्या घामाच्या शेवटी बाटली ठरलेली असायची. इथे घामाच्या शेवटी सुनंदाचं ताक असे. फरक एवढाच होता. तो समजायला मला चाळिशी ओलांडावी लागली आणि तुम्हाला अजून समजलेला नाही.

पहिल्या वर्षात दोनदा घसरलो. दोन्ही तारखा माझ्या रोजच्या नोंदींच्या वहीत आहेत. दोन्ही वेळा बाई रागावल्या नाहीत, समजावत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उद्या साडेपाच."

वर्षानंतरच्या नारळी पौर्णिमेला काशिनाथची नवी होडी पाण्यात घालायची होती, म्हणून गावी गेलो. आमच्या घरची रीत अशी, की थोरल्याने होडीच्या तोंडावर दारू शिंपडायची आणि पेल्यात उरलेली स्वतः प्यायची. मी आधीच फोनवर सांगितलं होतं, शिंपडीन, पिणार नाही. तरी पेला काठोकाठ भरलेला होता. काशिनाथने सगळ्यांसमोर माझा दंड दाबून पाहिला.

"आंग बघा दादूसचा. घामानी सगली निगाली. आता पचंल तुला."

त्यांच्या हिशेबी मी आजारी होतो म्हणजे अशक्त होतो. ताकद आली, म्हणजे बरा झालो, म्हणजे पिऊ शकतो. वर्षभर पळून जे कमावलं, तेच पेला पुढे करायचं कारण ठरलं. वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, हे लपवत नाही. साडेपाच वाजून गेले होते. मी सगळा पेला होडीवर ओतला.

"मंग तू या घरचा नाय," काशिनाथ म्हणाला. दुसरा पेला भरून माझ्या वाटणीची त्याने प्यायली.

मी आईकडे पाहिलं. ती होडीकडे पाहत राहिली. सुनंदाने पिशवी उचलली आणि आम्ही एसटीच्या रस्त्याला लागलो. मी भरभर चालत होतो आणि फेऱ्या मोजत होतो. तलाव नव्हता, तरी.

त्याला आज चार वर्षं झाली. खोली तीच आहे, खिडकी भिंतीकडेच उघडते. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सांगतो, जिथे साडेपाचला कुणी पेला पुढे करत नाही ते. अशी जागा मला एकच मिळाली, तीही भाड्याची.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. मला वाटलं, माझी चौकशी करील. "आपल्या काशाचं हात थरथरा कापतान. होरी बांदूनच हाय. तुज्या त्या बाईला इचार ना."

विचारलं. बाई म्हणाल्या, आधी डॉक्टरांना दाखवा, दारू एकदम बंद करू नका म्हणावं. मग माझ्याकडे पाठवा. केंद्रात जागा आहे.

राग गेलेला नाही. तरी वहीत कामांची यादी केली आणि एकेक उरकून पुढे खूण केली. डॉक्टरांची वेळ घेतली. सुनंदाने गादी उन्हात टाकली. काशिनाथसाठी पळायचे बूट आणले, नऊ नंबर, त्याचे पाय माझ्यापेक्षा मोठे.

बुटांचा खोका तीन आठवडे दाराशी पडून आहे. उरणची एसटी रोज समोरून जाते. गावी जाऊन त्याला "उद्या साडेपाच" म्हणायचं, यादीतल्या एवढ्या एकाच ओळीपुढे अजून खूण नाही.