नवव्या दिवशी बुडबुडे शून्य

अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही गळकी टाकी पास झाली नाही, आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा गोंधळ याच एका सद्गुणामुळे झाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो, तिथे ट्रकच्या डिझेल टाक्या बनत. टाकीत हवा भरायची, ती पाण्याच्या हौदात बुडवायची आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. बुडबुडा आला की टाकी बाद! मग खिशातला लाल खडू काढायचा आणि तिच्या पाठीवर ही एवढी फुली मारायची. टाक्या बुडवायला कुरुळीचे गायकवाड होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. "सायेब, बुडबुडा दिसला की तुमचं त्वांड असं हुतंय, जनू कुनी तुमच्याच घराला भोक पाडलंय," असं ते म्हणत. खरंच होतं ते. सणाला सोड्याची बाटली फोडली तरी मी दुसरीकडे बघत असे.

अशा माणसाच्या घरी त्याच्या मेहुण्याने विलायतेहून वाइन बनवायचं किट पाठवावं? पण पाठवलं खरं. खोक्यात द्राक्षांच्या आटवलेल्या रसाचा डबा, यीस्टची पुडी, घनता मोजायची काचेची नळी, एक रबरी बूच आणि त्या बुचात बसवायची दुसरी एक वाकडीतिकडी नळी. मला वाटलं, माझ्यासाठी आलंय. पण माझ्या बायकोने, कुमुदने, खोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "दादाने माझ्यासाठी पाठवलंय. मीच मागवलं होतं."

कुमुद रसायनशास्त्राची बी.एस्सी., तीही फर्स्ट क्लासची. लग्न झाल्यापासून ती डिग्री ट्रंकेत, माझ्या आईच्या शालीखाली, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडलेली होती. तेवढ्यात पिंपरीतल्याच एका औषधांच्या कंपनीची जाहिरात आली. आंबवून औषध तयार करणाऱ्या विभागात प्रयोगशाळेसाठी माणूस हवं होतं, अनुभव असल्यास उत्तम. मुलाखतीचं बोलावणंही आलं. आईने नाक मुरडलं. "घरात काय कमी पडलंय, म्हणून नोकरी?" कुमुद कँपातल्या भंगारवाल्याकडे गेली आणि पोटाला मोठी, गळ्याला अरुंद अशी काचेची बाटली घेऊन आली.

"पाच वर्षांत मी हातात साधी परीक्षानळी धरलेली नाही," ती मला म्हणाली. "हा प्रयोग मी रोज वहीत लिहीन. ती वहीच माझा अनुभव."

(त्या दिवसांत बाटलीचं नुसतं नाव काढलं तरी दारूच्या परवान्याची गोष्ट निघे. म्हणून आमच्या घरात वाइन हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे 'प्रयोग' म्हणत. आईसुद्धा.)

वही बघण्यासारखी होती! सकाळ-संध्याकाळ तापमान, घनता आणि मिनिटाला किती बुडबुडे. हो, बुडबुडेच! त्या वाकड्या नळीत पाणी होतं आणि त्यातून दिवसभर गुडूप, गुडूप चालायचं. माझंच घड्याळ मनगटावर बांधून कुमुद ते मोजायची.

"अगं, हे लीक आहे," मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"लीक नाही हो. आतला गॅस बाहेर जायला हवा आणि बाहेरची हवा आत यायला नको. त्यासाठीच ती नळी."

"पण बुडबुडे येतायत."

"यायलाच हवेत."

"यायलाच हवेत?"

"तुमच्या टाकीत नाही. माझ्या बाटलीत."

मी मान डोलावली. पण जेवताना गुडूप, पेपर वाचताना गुडूप! माझा हात आपोआप खडूकडे जायचा.

पाचव्या दिवशी मिनिटाला चाळीस बुडबुडे होते. नवव्या दिवशी सकाळी फक्त बारा उरले. दुसऱ्याच दिवशी मुलाखत. कुमुद म्हणाली, "होणारच कमी, साखर संपत आली." मला मात्र वेगळंच दिसत होतं. नऊ दिवस बाटलीतला जोर गळून चालला होता, आणि घरात अकरा वर्षांचा लीक-तज्ज्ञ बसलेला असून कुणी त्याला विचारत नव्हतं!

त्याच दिवशी फर्स्ट शिफ्टला मी गायकवाडांना गाठलं. "एक घरगुती टाकी आहे. वरून हवा जाते."

"सफेदा अन् सूत," गायकवाड क्षणात म्हणाले. "नळाच्या सांध्यात भरत्यात तसं गच्च भरा. काय बिशाद हाय हवंची!"

दुपारी घरी आलो तेव्हा कुमुद सर्टिफिकेटच्या नकला अटेस्ट करून घ्यायला गेली होती. मी त्या नळीचं छोटं टोपण काढलं, आतल्या भोकांत सफेदा लावलेलं सूत ठासलं, टोपण परत बसवलं आणि रबरी बूच तळहाताने दाणकन आत दाबलं. गुडूप बंद. नऊ दिवसांनी घरात शांतता झाली. मी पाच मिनिटं बघत बसलो. एकही बुडबुडा नाही! असं सुरेख काम मी कारखान्यातही केलं नव्हतं.

संध्याकाळी कुमुदने घड्याळ बांधलं, बाटलीसमोर बसली आणि तिचा चेहरा पडला.

"बंद पडलं हो! सकाळी बारा होते. यीस्ट मेलं की काय?"

मी आधी विनयाने गप्प राहिलो. म्हटलं, कौतुक आपणहून कशाला मागा? मग तिचे डोळे भरलेले दिसले आणि मी भीतीने गप्प राहिलो. तिने वहीत लिहिलं, 'नववा दिवस, संध्याकाळ. बुडबुडे शून्य. कारण अज्ञात.' त्या 'अज्ञात'वर एक थेंब पडला. कारण समोरच, पाटावर बसून आमटी-भात खात होतं.

तिच्या मुलाखतीचा दिवस म्हणून मी रजा टाकली होती. सकाळी आठला ती तयार होऊन दाराशी उभी होती. फिकट पिवळी साडी, हातात वही. "यीस्ट खाली बसलं असेल," ती म्हणाली. "जाता जाता एकदा बघू. जरा बाटली हलवा ना."

मी हलवली. अकरा वर्षं टाक्या उचललेल्या हातांनी हलवली.

धडाम्! बूच छताला जाऊन आदळलं. त्याच्या मागोमाग फेसाचा लाल फवारा, आणि वर पंखा तीन नंबरवर! त्याने कसलाही दुजाभाव न करता चारही भिंतींना, कॅलेंडरला आणि दोरीवरच्या माझ्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टांना वाटणी केली. मोठा वाटा माझ्या डोक्याला आला. आई आतून पूजेची घंटा हातात घेऊन धावत आली. तेवढ्यात शेजारून हाक आली, "अहो, काय फुटलं?"

आईने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. मग दार किलकिलं करून म्हणाली, "काही नाही हो. मुलगा आंघोळ करतोय."

कुमुदने खाली पडलेलं बूच उचललं आणि त्यातल्या नळीचं टोपण उघडलं.

"हे काय आहे?"

"सफेदा."

"आणि?"

"सूत."

मी ओरडा खायला तयार होतो. पण ती ओरडली नाही. तिने बाटलीत उरलेला रस मोजला. मग त्यात घनतेची नळी सोडली, आकडा वाचला आणि लाल झालेल्या वहीत लिहिला. मुलाखतीला पाऊण तास, साडीवर दहा-बारा डाग, आणि ही बाई घनता मोजत होती! मी इतकी वर्षं कारखान्यात तपासणी करत होतो, पण तपासणी म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तसाच निथळत तिच्याकडे बघत राहिलो.

आईनेही ते पाहिलं असणार. ती ट्रंकेकडे गेली, शाल बाजूला केली आणि स्वतःची ठेवणीतली इरकल काढून कुमुदच्या हातात दिली. "ही नेस आणि नीघ. नोकरी घेऊनच ये. या ध्यानाकडे मी बघते."

ध्यानाने ती रजा भिंती पुसण्यात घालवली.

कुमुद दुपारी आली ती हसतच. साहेबांनी पानन् पान वाचलं म्हणे. "नवव्या दिवशी शून्य का?" असं विचारलं तेव्हा तिने पान उलटून त्यांच्यासमोर धरलं. तिथे तिने बसमध्ये लिहिलं होतं: 'कारण सापडले. नवरा. गॅसची वाट बंद केली. उरलेला रस चांगला आहे. पुढील वेळी बाटली कुलपात ठेवावी.' साहेबांना हसताना ठसका लागला. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडेही बिघाड होतात. लोक वहीतून पान फाडतात. तुम्ही कधीपासून येता?"

उरलेला रस महिनाभराने बाटल्यांत भरला. आईने औषध म्हणून एक चमचा घेतला आणि औषधाचा गुण येईना म्हणून आणखी दोन.

पण त्या दुपारी, बातमी सांगून झाल्यावर, कुमुदने मला उठून उभं राहायला सांगितलं. "पाठ करा," म्हणाली. मला वाटलं, आंघोळीनंतर चढवलेल्या एकुलत्या धड शर्टावर डाग आहेत का ते बघतेय. तिने माझ्या खिशातून खडू काढल्याचं मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, दुसरा धड शर्टच उरला नसल्याने, मी पहाटेच्या अंधारात तोच घालून शिफ्टला गेलो. दिवसभर सगळा कारखाना माझ्या पाठीकडे बघत होता आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सुटायच्या वेळी गायकवाडांना राहवलं नाही. पाठीवरच्या त्या भल्यामोठ्या लाल फुलीवर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, पार भंगारात का दुरुस्ती करून चालवून घ्यायचं म्हनत्यात वहिनी?"