भिंतीवरचा ठिपका

शैला गुप्ते यांनी चौतीस वर्षं एका अर्थी सूर्याचंच काम केलं, पण सूर्याकडे बघायची वेळ कधी आली नाही. सरकारी चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वातला बदल दाखवणारी, फोटोच्या कागदावर उमटलेली रेघ पट्टीनं मोजायची आणि आकडे लिहायचे, ही त्यांची नोकरी. एरवी ती रेघ शांत असायची. सूर्यावर मोठा स्फोट झाला की एक-दोन दिवसांनी ती थरथरायला लागायची. बहात्तरच्या ऑगस्टमध्ये तर ती कागद सोडूनच गेली. साहेब म्हणाले, "पुढची जागा कोरी ठेवा." बाईंनी ठेवली.

निवृत्त झाल्यावर त्या भाईंदर पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. नवरा आधीच गेला होता. वेळ जाईना, म्हणून त्यांनी एका बरणीत रेशमी दोऱ्यानं छोटं लोहचुंबक टांगलं, त्याला आरशाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर दिव्याचा बारीक झोत सोडला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडायचा. चुंबक केसभर वळलं, तर ठिपका बोटभर सरकणार. तीन वर्षांत तो फारसा हलला नव्हता.

दोन हजार तीनची दिवाळी नुकतीच संपली होती. सूर्यावर मोठाले डाग आलेत, असं पेपरात वाचून बाई मंगळवारी दुपारी गच्चीवर गेल्या. दुर्बिणीच्या एका नळीला झाकण लावून दुसरीतून त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य घेतला. बशीएवढा गोल, त्यावर काळे डाग. पलीकडे मिठागरांचं पाणी चमकत होतं. शेजारची उर्मिला दोरीवरचे कपडे काढत होती.

पावणेपाचच्या सुमारास एका डागाच्या मधोमध दोन पांढरे कण उमटले, तांदळाच्या कणीएवढे. बाईंना वाटलं, पुठ्ठ्यावर काही पडलंय. फुंकर मारली. कण गेले नाहीत. उलट लांबट होत गेले आणि सूर्याहूनही लख्ख दिसायला लागले. खाली कोणीतरी उरलेली लवंगी माळ लावली. तिचा आवाज आला, पण पुठ्ठ्यावर जे पेटलं होतं त्याचा काहीच आवाज नव्हता. थोड्या वेळानं कण विझले.

"काकू, काय झालं? चेहरा असा का?" उर्मिलानं विचारलं.

"काही नाही गं. उजेड आला. बाकीचं अजून यायचंय."

"बाकीचं म्हणजे?"

बाई पुठ्ठा आणि दुर्बीण आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला आणि हातात पेन्सिल घेऊन भिंतीसमोर बसल्या. पावणेबाराला उर्मिला वाटीत विरजण मागायला आली, आणि तिच्या देखतच ठिपक्यानं उडी मारली.

"काकू, हलतंय ते!"

"हो."

"पंखा चालू आहे का?"

"बंद आहे. वारासुद्धा नाही."

"मग कोण हलवतंय?"

"सूर्य. काल तिथे जे उडालं ते पोचलं."

ठिपका डावीकडे सरकला, थांबला, परत फिरला. घाई नसलेलं कोणीतरी भिंत चाचपत असावं तसा. उर्मिला मागे सरत दारापर्यंत गेली. "मला काहीच जाणवत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"मलाही नाही. पण चुंबकाला जे हलवतंय ते तुझ्या-माझ्यातूनच जातंय."

असं बोलून गेल्यावर बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी एवढी वर्षं आकडे लिहिले, पण त्यांना ही भीती कधी वाटली नव्हती. तिथे ती रेघ कागदावर असायची, आणि कागद संध्याकाळी कपाटात जायचा.

त्यांनी वेधशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला, हरिश्चंद्रला, फोन लावून विचारलं, "रेघ नाचतेय ना?" "आमच्याकडे धुमाकूळ चाललाय. तुम्हाला घरी बसून कसं कळलं?" तो म्हणाला.

"दिसतंय मला," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दिवसभर त्या ठिपक्याच्या जागी खुणा करत राहिल्या. भिंत दोन वीत पेन्सिलीनं भरली. दिवेलागणीला उर्मिला पुन्हा आली. आत पाऊल न टाकता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काकू, आज आमच्याकडे जेवा. झोपा पण तिथेच."

एरवी बाई कुणाकडे झोपायला जात नसत. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. ठिपका अजून चालत होता. मग त्यांनी आपली उशी उचलली, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "भाजी काय केलीयेस?"