नाकातली नळी

पुतणीचा साखरपुडा अक्कलकोटला होता. जुळे सोलापुरातून निघताना माझ्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. हॉलसमोर उतरताना मी ती काढली आणि सिलिंडर मागच्या सीटवरच राहू दिला.

"अगं, वर जिना आहे," हे म्हणाले.

"असू दे. चार लोकांत शोभा नको. तुम्ही गाडी लावून या."

घराबाहेर पडायचीच मला लाज वाटायची. मी खोकले की शेजारच्या बायका नाकाला पदर लावायच्या. निवृत्त झाल्यापासून हे गॅलरीत कबुतरांना ज्वारी घालायचे, आणि गॅलरी झाडायची मी. डॉक्टरांनी समजावलं होतं, "विष्ठेची, पिसांची धूळ फुफ्फुसात गेली, की तुमच्या संरक्षक पेशी तिला शत्रू समजतात. एक पेशी दुसरीला बोलावते, त्या दोघी जखम भरणाऱ्या पेशींना कामाला लावतात. धूळ रोज येत राहिली, की ते काम थांबतच नाही. मऊ फुफ्फुसात जाड वण धरत जातो." हे बाजूलाच बसले होते.

अर्ध्या जिन्यातच माझा श्वास संपला. नव्या इरकलीसकट मी पायरीवर बसकण मारली. एक म्हातारी "कुंद्रव्वा, कुंद्र," म्हणजे बस बाई बस, म्हणत मला वारा घालू लागली. वरून नवऱ्या मुलाकडची एक बाई म्हणाली, "टीबी हाय वाटतं की हिला! पोरीच्या घरातच हाय म्हना."

माझ्यापायी पोरीचं मोडतंय की काय?

तेवढ्यात हे सिलिंडर घेऊन आले. नळी नीट बसवली आणि चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस मोठ्यानं म्हणाला, "टीबी नाही हिला. हा आजार कुणाला लागत नाही. मी कबुतरं पोसली, त्यांची धूळ हिच्या छातीत गेली. चूक माझी."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. नळी लपवायला गेले मी, आणि उघडे पडले हे.

साखरपुडा रीतसर झाला. मला मात्र खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. मी मान वर केली नाही.

औषधांनी वण वाढायचा वेग कमी झालाय, धरलेला वण जात नाही. गॅलरीला आता जाळी आहे. हे सकाळी जाळीकडे बघत चहा पितात. त्या दिवसापासून मी माझा कप घेऊन स्वयंपाकघरातच थांबते.