म्हशींच्या घाटावरून पोहणाऱ्या मालनताई

श्रीमती मालनताई सरवदे यांच्या एकसष्टीच्या या ग्रंथासाठी लेख मागताना गौरव समितीच्या चिटणीसांनी मला एक सूचना केली. "बाई, आठवणी तेवढ्या चांगल्याच लिहा." मालनताईंबद्दल माझ्याकडे वाईट आठवण एकही नाही. इतरांबद्दल आहेत, आणि त्या गाळून मालनताईंविषयी खरं लिहिता येत नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बहात्तरच्या दुष्काळाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मी आपल्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, जळकोटला एस.टी.तून उतरून बैलगाडीत बसले तेव्हा माझ्या हातात छत्री होती आणि ती बघायला निम्मं गाव जमलं. नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी एक मुलगी ओल्या केसांनी येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी खडसावलं, "केस पुसून शाळेत यावं, हे घरी कुणी शिकवलं नाही का?"

"पुसले व्हते बाई," ती शांतपणे म्हणाली. "पर येताना पुन्यांदा उडी मारली."

त्या मालनताई. मी त्यांना तासभर बाकावर उभं केलं. आज त्यांना अहोजाहो करताना मला मुळीच अवघडल्यासारखं होत नाही. ते तेव्हाच करायला हवं होतं.

उडी मारली होती ती बौद्ध वस्तीच्या विहिरीत. मालनताई सहा वर्षांच्या असताना वडिलांनी पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना तिथं सोडलं होतं. डबा केव्हाच सुटला, त्या मात्र पाण्यातच राहिल्या. विहीर ती केवढी, त्यामुळे गोल गोल पोहायचं. दोन-दोन तास त्या न थांबता फेऱ्या मारत. मला पोहण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण न थकणारं माणूस ओळखता येतं. कोकणात समुद्रात लांब पल्ल्याची स्पर्धा असते असं वर्तमानपत्रात वाचलं, मुख्याध्यापकांची सही मिळवली, आणि आम्ही दोघी तीन एस.ट्या बदलून समुद्रावर पोचलो. समुद्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

स्पर्धेत त्या शेवटच्या आल्या. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं होत्या आणि मग हळूहळू डावीकडे वळू लागल्या. होडीतले लोक हाका मारत होते. त्या सरळ व्हायच्या की पुन्हा डावीकडे. पंच हसत होते. एक जण मला म्हणाला, "मॅडम, तुमची मुलगी परत घरी निघाली वाटतं." मी त्याला काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

मालनताई वाळूत बसून विचार करत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाई, विहिरीची भिंत कायम माझ्या उजव्या हाताला असती. म्या सरळ कवा पवलेच न्हाय."

एवढी साधी गोष्ट. पण ती कळायला आम्हाला समुद्रापर्यंत जावं लागलं.

सरळ पोहण्यासाठी सरळ पाणी हवं होतं, आणि गावात ते एकच होतं: पाझर तलाव. वेळही मोजकाच होता. मालनताईंचे वडील खडी फोडत. मुलीच्या पोहण्याचा त्यांना अभिमान होता, पण स्थळंही येत होती. मला म्हणाले, "एक वरीस देतो बाई. पुढच्या टायमाला न्हाय जमलं, तर पोरगी आमची आन् पावणंबी आमचं."

तलावाचं पाणी गावच्या पाणीवाटप सहकारी सोसायटीकडे होतं. दगडी पायऱ्यांचा पुढचा घाट गावाच्या वापराचा, आणि पलीकडच्या चिखलाच्या टोकाला म्हशींचा. मी रीतसर अर्ज केला. सभेला मी, मालनताई आणि त्यांच्या आई, अशा तिघी गेलो. सत्तावीस सभासद सतरंजीवर, आम्ही दाराशी. अध्यक्षांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बाई, तुमी इंग्रजी शिकवा. पाण्याचं आमी बघतो."

"कारण काय?" मी विचारलं.

"प्यायचं पाणी हाय."

"म्हशी डुंबतात त्यात."

"म्हशीची गोष्ट येगळी."

ती वेगळी गोष्ट कोणती, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं आणि उच्चारायला कुणी तयार नव्हतं. मी उच्चारणार होते. त्याआधीच मालनताईंच्या आई बोलल्या. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता.

"दुष्काळात ह्या तळ्याची माती म्या डोक्यावर वाहिली. ही पोरगी तवा भरावावरच झोपायची. आमच्या हातानं तळं झालेलं चाललं आन् आता अंगानं पाणी बाटतंय व्हय?"

अध्यक्ष खाली बघत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हशीच्या घाटाकडनं उतरू दे तिला. पर हे तोंडी. ठरावात लिवायचं न्हाय." सोसायटीच्या चिटणीसांनी उघडलेली वही मिटली.

सहकारी संस्थेत जे प्रोसिडिंगच्या वहीत नाही ते घडलंच नाही, हे तोवर मला कळलं होतं. मी बाहेर येऊन सांगितलं की असली भीक नको, आपण जिल्ह्याला तक्रार करू. तक्रारीत वर्ष गेलं असतं आणि मालनताईंचं पोहणंही गेलं असतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला माझं तत्त्व दिसत होतं.

मालनताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचा राग झाला की सांगा बाई. म्या उद्यापासनं उतरते."

आणि उतरल्या. गुडघाभर चिखलातून, म्हशींच्या शेजारून. कामावर जाण्याआधी आई भरावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. भराव सरळ, म्हणून आईही सरळ. मालनताई श्वास घ्यायला मान वळवत तेव्हा आईचं हिरवं लुगडं दिसलं पाहिजे, एवढाच नियम. दिसलं नाही तर वरून हाक यायची, "वाकडी चाललीस, बया." वर्षभर हे चाललं. मी काठावर उभी राहून सूचना देत असे, ज्या दोघींपैकी कुणीही ऐकत नसे.

पुढच्या वर्षी मालनताई त्याच समुद्रात मुलींमध्ये पहिल्या आल्या. तार वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "पावण्यास्नी निरोप द्या, पोरगी घरी न्हाय म्हनून."

पुढचा प्रवास इतर लेखांत सविस्तर येईलच. राज्याचं अजिंक्यपद, पोलीस खात्यातली नोकरी, खांद्याच्या दुखापतीनंतरचं पुनरागमन. मी फक्त घरातलं सांगते. यजमान भास्करराव एस.टी.त कंडक्टर. त्यांना पोहता येत नाही, पण प्रत्येक स्पर्धेला टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन ते किनाऱ्यावर हजर. एकदा कुणी टोमणा मारला, "बायको पाण्यात आन् तुमी काठावर?" ते म्हणाले, "तिकीट एकाचंच हाय."

मालनताईंचा माझ्यावरचा उपकार वेगळा आहे. मला पाण्याची भीती वाटते, हे मी आयुष्यभर लपवलं होतं. निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात त्यांनी मला तलावावर नेलं आणि म्हणाल्या, "चला बाई, आता तुमची पाळी."

"तुला कधी कळलं?"

"तुमी काठावरनं वरडायचा तवाच. पाण्यापासून धा हात लांब उभ्या ऱ्हायचा."

त्यांनी माझ्या मानेखाली तळहात धरला आणि मला पाठीवर तरंगायला शिकवलं. मी बाकावर उभं केलेलं त्यांना आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही.

गेली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात त्या गावच्या मुलींना पोहायला शिकवतात. सगळ्या वस्त्यांतल्या मुली येतात, सगळ्या पुढच्या घाटावरून उतरतात, कुणी अडवत नाही. आपण फार सुधारलो, असं त्यावरून भाषणांत सांगितलं जातं. पण ही परवानगी आजही तोंडीच आहे. एकसष्टीला काय द्यावं, असं समितीनं विचारलं, तेव्हा मालनताईंनी शाल नको, श्रीफळ नको, पुतळा तर नकोच, असं सांगून एकच मागितलं: तलाव सगळ्यांना पोहायला खुला असल्याचा ठराव सोसायटीनं वहीत लिहावा. तीन ओळींचा. समितीनं शाल आणली आहे. ठराव 'पुढच्या सभेत पाहू' असं कळतं.

हा ग्रंथ छापून होईपर्यंत ठराव झाला, तर संपादकांनी वरची पाच वाक्यं खुशाल काढून टाकावीत. झाला नाही, तर एक अक्षरही हलवू नये.

मालनताईंचा खांदा न दुखो, गुडघे त्यांना साथ देवोत, भास्कररावांचा थर्मास रिकामा न होवो. त्यांना इतकं निरोगी आणि लांब आयुष्य मिळो, की सोसायटीनं कितीही सभा पुढं ढकलल्या तरी तो ठराव वाचून दाखवला जाईल त्या दिवशी मालनताई सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेल्या असतील.